सहा खुणांची बाटली

पाऊस उघडला की बाकीच्या मुलखात लोकांना बरं वाटतं. आमच्या जव्हारात पाऊस उघडला की दवाखान्याची पडवी भरते.

भादव्याच्या अखेरीला ऊन पडतं. धुऊन निघालेल्या डोंगरांवर ते इतकं स्वच्छ पडतं की कुणी पाहुणा आला तर म्हणतो, काय सुंदर मुलूख आहे तुमचा. नागली कमरेला आलेली असते, भाताला लोंब्या धरत असतात, आणि खाचरांतलं पाणी हलायचं थांबलेलं असतं. संध्याकाळी त्या पाण्याकाठी उभं राहिलं की डासांचा आवाज आधी ऐकू येतो, डास नंतर दिसतात. मग आठ-पंधरा दिवसांत हिव सुरू होतं. भर दुपारी, अंगाची लाही होत असताना, माणूस घोंगडी लपेटून उन्हात भिंतीला टेकून बसलेला दिसतो आणि त्याचे दात एकमेकांवर आपटत असतात.

काल या हंगामातली पहिली घोंगडी दिसली. मोखाड्याच्या रस्त्याला एक म्हातारा कडेच्या धोंड्यावर बसला होता. त्याला पाहून मला दया येण्याआधी थकवा आला, हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं. इतकी वर्षं हा हंगाम पाहिला की तो सुरू व्हायच्या आधीच त्याचं ओझं खांद्यावर येऊन बसतं. हंगाम पुष्कळ गेले. त्यातले बरेच एकमेकांत मिसळून गेलेत. एक मात्र वेगळा राहिला आहे.

त्या वर्षी मी नोकरीत नवा होतो. दरबारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याला राहून रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो होतो. आमच्या घरात त्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बाबा पेठेत शिवणकाम करत. संस्थानच्या शिपायांचे डगले त्यांच्या यंत्राखालून जात. माझा अर्ज जव्हारच्या शाळेतल्या मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून, स्वतः दरबारात नेऊन दिला होता. त्या अर्जाचे, त्या शाळेचे आणि त्या दरबारचे उपकार कसे फेडायचे हा विचार मी पुण्याच्या खाणावळीत जेवताना करत असे. म्हणून दवाखान्यात औषधांच्या खोलीवर नेमणूक झाली तेव्हा मुंबईत मिळाली असती ती नोकरी सोडून आलो असं मला कधी वाटलं नाही. घरी आलो असंच वाटलं.

हुद्दा कागदावर मोठा होता. पेठेतले लोक मला कंपाउंडर म्हणत आणि पाड्यांवरचे नुसतं दादा. बाबा म्हणत, एवढा शिकलास आणि शेवटी पाणीच ओततोस. थट्टेने म्हणत, आणि मग शेजारच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात माझं काम नेमकं काय आहे ते गिऱ्हाइकाला समजावून सांगत.

पाणी ओतण्याचं काम होतंच. कोयनेलचं, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनचं, दाट मिक्श्चर बरणीत असे. मापाच्या पेल्याने ते घ्यायचं, ठरलेलं पाणी घालायचं, बाटलीत भरायचं. बाटली घरून आणावी असा नियम, पण पाड्यांवर बाटल्या कुठल्या? कुणी दारूची आणे, कुणी घासलेटाची, आणि कुणी वाळलेल्या दुधीचं तुंबं घेऊन येई. तुंबं मी परत पाठवत असे, कारण त्याला पट्टी चिकटत नसे.

ही पट्टी माझ्या अभिमानाची गोष्ट. बाटलीत औषध जिथपर्यंत आहे तेवढ्या उंचीची कागदाची पट्टी कापायची, मधोमध घडी घालायची, घडीच्या कडेला कात्रीने तिरपे काप द्यायचे, उलगडायची आणि खळ लावून बाटलीच्या पाठीला चिकटवायची. दोन कापांमधलं औषध म्हणजे एक डोस. दिवसातून तीनदा, दोन दिवस. म्हणून सहा खुणा. कात्री बाबांच्या दुकानातली होती आणि हातही त्यांच्याच घरातला, त्यामुळे माझ्या पट्ट्या सरळ येत. पट्टी कापता कापता मी समोरच्याला विचारत असे: नाव काय, पाडा कुठला, घरात माणसं किती. हा शेवटचा प्रश्न दरबारसाठी होता. हिवतापाची वर्षाची खबर द्यावी लागे, तिच्यात तो लागे. उत्तर टिपून होईपर्यंत माझी पट्टीही तयार होई.

दवाखान्याचे डॉक्टरसाहेब नाशिककडचे. पन्नाशी उलटलेले, एकटे, पायांनी अधू होत चाललेले. शेवटचा रोगी गेला की ते बाकावर पाय वर घेऊन बसत आणि शिळं वर्तमानपत्र वाचत. त्यांचा जीव मुंबईतल्या एका कारखान्यात अडकला होता. काही शिकलेल्या, हौशी माणसांनी स्वदेशी औषधांचा कारखाना काढून त्याचे शेअर विकायला काढले होते. निलगिरीतल्या सालीचं कोयनेल घेऊन ते त्याचं मिक्श्चर बनवत. साहेबांनी आयुष्यभराची शिल्लक त्या शेअरांत घातली. शेअरच्या कागदावर धन्वंतरीचं चित्र होतं. तो कागद मला दाखवण्याआधी त्यांनी साबणाने हात धुतले होते, ते मला आठवतं.

साल आपल्या झाडाची, ताप आपल्या माणसाचा, मग बाटली तेवढी विलायतेहून का यावी, असं ते म्हणत. त्यांचं बोलणं ऐकून मीही पहिल्या पगारांतून थोडे शेअर घेतले. बाबांनी माझा कागद उजेडात धरला, कापड पाहावं तसा दोन्ही बाजूंनी पाहिला.

"पोत बरा आहे," ते म्हणाले. "अंगाला कधी येईल?"

त्या वर्षी साहेबांनी दरबारात शब्द टाकला आणि दवाखान्याचं कोयनेल त्याच कारखान्यातून मागवलं. आपले शेअर आहेत हे त्यांनी दिवाणांना आधीच सांगून ठेवलं होतं. दिवाण एवढंच म्हणाले होते की मग डॉक्टर, औषध चांगलं निघालं पाहिजे. डहाणूपर्यंत आगगाडीने आणि तिथून घाटाने बैलगाडीत, पेंढ्यात बसवलेल्या बरण्या आल्या. एकही फुटली नव्हती. साहेब गाडीवानाला गूळ-पाणी द्यायला स्वतः बाहेर आले.

आणि ताप हटेना.

पेठेतले लोक बरे होत. शिपाई, कारकून, शाळेतली मुलं तीन-चार दिवसांत उठत. पण पाड्यांवरचा माणूस बाटली घेऊन जाई आणि आठवड्याने तोच, तसाच कुडकुडत, रिकामी बाटली घेऊन परत येई. त्या आश्विनात मी रोज तेच चेहरे पाहत होतो, दर वेळी थोडे अधिक पिवळे. पोट तपासलं की तापाने सुजलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागे. पडवीत घामाचा, ओल्या लोकरीचा आणि कोयनेलचा मिळून एक वास असे. घरी अंघोळ करूनही तो माझ्या बोटांना राही, आणि जेवताना पहिला घास कडू लागे.

त्यात दाभोशाच्या अलीकडच्या पाड्यावरची मंगळी होती. तिचा नवरा देवजी तापाने पडला होता. ती अर्धा दिवस चालून येई, पडवीच्या खांबाला टेकून बसे आणि पाळी आली की न बोलता बाटली पुढे करी. तीन बाटल्या नेल्या, आणि देवजी पहिल्यापेक्षा वाईट होता.

पेठेत कुजबुज सुरू झाली. कंपाउंडर पाणी जास्त घालतो, उरलेलं कोयनेल मोखाड्याच्या बाजारात व्यापाऱ्यांना जातं, असं. बाबांच्या दुकानात डगल्याचं माप द्यायला आलेला एक शिपाई हे हसत हसत बोलून गेला. त्या दिवसापासून बाबांनी माझ्या पाणी ओतण्याची थट्टा बंद केली. लोकांच्या बोलण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

साहेबांनी एका संध्याकाळी बरणीतलं औषध जिभेवर घेतलं, बराच वेळ तोंडात धरलं, मग बाहेर जाऊन थुंकले.

"भास्कर, एक विचारतो, राग मानू नकोस," ते म्हणाले. "पाणी किती घालतोस?"

मी माप सांगितलं.

"ते मला ठाऊक आहे. तेवढंच घालतोस ना?"

मी हो म्हणालो. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी मान हलवली, जणू एक जड पेटी या खोलीतून त्या खोलीत नेऊन ठेवली. म्हणाले, दोनच गोष्टी असू शकतात. औषध वाईट आहे, नाही तर तू. तू नाहीस. दसऱ्याला दरबार भरेल तेव्हा मी सांगेन की औषध हलकं निघालं आणि ते आणण्यात माझी चूक झाली.

याचा अर्थ काय होतो ते मला कळत होतं. एका संस्थानच्या डॉक्टरने, तेही स्वतः भागीदार असलेल्या, भर दरबारात औषध खोटं आहे असं सांगितलं की ती गोष्ट मुंबईला पोचायला वेळ लागत नाही. कारखाना बसला असता आणि साहेबांचं म्हातारपण त्याच्याबरोबर. माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून हा माणूस स्वतःचं सगळं बुडवायला निघाला होता. मी त्यांना थांबवलं पाहिजे होतं. पण थांबवायचं तर ताप का हटत नाही हे सांगता आलं पाहिजे, आणि ते मला सांगता येत नव्हतं. पुण्यात शिकलेलं सगळं मी आठवून पाहिलं. बरणीतलं औषध माझ्या परीने तपासूनही पाहिलं. मला ते चांगलंच वाटत होतं. पण मग पाड्यांवर ते काम का करत नव्हतं?

दसरा चार दिवसांवर असताना मंगळी चौथ्यांदा आली. देवजी आता उठून बसतही नव्हता. मी बाटली भरली, पट्टी चिकटवली. तिने ती हातात घेतली, बोटाने खुणा चाचपल्या आणि पहिल्यांदाच स्वतःहून बोलली.

"एक खून वाढवून दे ना दादा. नणंद आलीय माहेरी."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनाही काही उमगलं नाही. नणंदेलाही ताप आहे का, म्हणून त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली थोडा थोडा. साहेब मला म्हणाले, पट्टी आहे तशीच राहू दे. तू हिच्याबरोबर जा, आणि डोळ्यांनी बघून ये.

शिरपामाळ मागे टाकून आम्ही उतरायला लागलो. मंगळी पुढे, टोपलीत बाटली आणि मीठ. मी मागे, पुण्याहून आणलेल्या बुटांत. ती मधूनमधून थांबून माझी वाट पाही आणि मी जवळ आलो की पुन्हा चालू लागे. वाटेत दोन्ही बाजूंना नागलीची शेतं होती आणि त्यांत राखणीला कुणी नव्हतं. राखणदार तापाने घरी पडले होते. पाखरं निवांत खात होती.

पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. दोघंतिघं धडधाकट पुरुष नदीवरून मासे घेऊन आले होते आणि अंगणात पळसाच्या पानांवर त्यांचे वाटे पडत होते. मासे बोटाएवढे. प्रत्येक पानावर सारखे. वाटे करणाऱ्याने मान वर करून मला पाहिलं आणि एक पान वाढवलं. मी नको म्हणालो. नदीवर मी गेलो नव्हतो, पाड्याचा कुणी लागत नव्हतो. मंगळीचा सासरा हसला आणि म्हणाला की अंगणात उभा आहेस ना, मग झालं.

देवजी आत, कुडाच्या भिंतीशी चटईवर होता. मी त्याची नाडी पाहत असतानाच मंगळीने बाटली काढली आणि हाक मारली. घर गोळा झालं: सासरा, दोन पोरं, दीर, आणि पोटुशी नणंद. मंगळीने करवंटीत एक खूण ओतली आणि ती सासऱ्याला दिली. दुसरी दिराला. मग पोरांना. पोरांनी तोंडं वाकडी केली तशी सासरा म्हणाला, "कडू हाय त्या बरां हाय. गोड असता त यांनी आखीच पिली असती." सगळे हसले, देवजीही, डोळे मिटून. पाचवी नणंदेला मिळाली. सहावी देवजीला, चटईवरून मान उचलून. मंगळीने बाटली उलटी करून पाहिली आणि खाली ठेवली. तिला काही उरलं नव्हतं.

मी म्हणालो, ही बाटली एकट्या देवजीची होती. दोन दिवसांची.

"एकट्याची?" मंगळी म्हणाली.

एखाद्याने भरल्या घरात काही लाजिरवाणं बोलावं तशी ती माझ्याकडे पाहत होती.

"तूच नाय का इचारत, घरात मानसां किती? मी साहा सांगितली. तू साहा खुना केल्यास." मग समजुतीच्या सुरात, "हिव आख्यांनाच येतां दादा. त्याला जरा जास्त, एवढाच."

मी उंबऱ्यावर बसलो. किती पाड्यांवर, किती घरांत हेच चाललं असेल, ते मनात येऊ लागलं. ज्या घरात चार माणसं, तिथे दोन खुणा शेजारी गेल्या असतील. आठ असतील तिथे दोघं तशीच राहिली असतील आणि कुणी तक्रार केली नसेल. माझ्या सरळ, सुबक पट्ट्या. प्रत्येकाच्या पोटात एक-एक घोट, ज्याने कुणाचाच ताप हटणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, चष्मा काढून पुसला.

"म्हणजे औषध चांगलं आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"दरबारात काही बोलायला नको."

"नको."

चष्मा त्यांनी लगेच डोळ्यांवर ठेवला नाही. हातातच फिरवत राहिले. "घरात ताप खरंच सगळ्यांना होता?"

मी म्हणालो, कमी-जास्त, पण सगळ्यांना. सासऱ्याची आणि पोरांची पाणथरी मी स्वतः पाहिली होती.

"मग त्यांनी वाटून घेतलं ते बरोबर केलं, भास्कर. पुरलं नाही, ती चूक आपली."

आत उरलेल्या बरण्या दारातून दिसत होत्या. एका माणसाला पुरेल एवढं औषध घराला पुरणार नव्हतं. घरातल्या प्रत्येकाला पुरेल एवढं लागणार होतं. साहेबांनी दरबारात जाऊन ते मागितलं. दरबारने आपल्या ऐपतीप्रमाणे दिलंही, त्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञताच आहे, पण ते पुरणारं नव्हतं. मग साहेबांनी कारखान्याला कळवलं की माझे शेअर परत घ्या आणि बदल्यात बरण्या पाठवा. असं करता येत नाही, असं सभ्य उत्तर आलं. तेव्हा त्यांनी मेव्हण्यामार्फत मुंबईत शेअर विकले, घेतले त्याहून पडत्या भावात, आणि त्याच कारखान्याचं औषध मागवलं. मी माझे कागद त्यांच्या पाकिटात घातले. ते थोडेच होते. बाबांना सांगितलं तेव्हा ते यंत्रावर बसले होते. पाय थांबला नाही. "आलं म्हणायचं अंगाला," एवढंच म्हणाले आणि दोरा तोडला.

कारखाना पुढे वाढला. त्याच्या शेअरचा भाव हल्ली वर्तमानपत्रात येतो आणि कुणी ना कुणी मला तो वाचून दाखवतं. साहेब निवृत्त होऊन नाशिकला गेले, भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले आणि तिथेच वारले. शेवटच्या भेटीत त्यांनी मला देवजीबद्दल विचारलं होतं, कारखान्याबद्दल नाही.

बाटल्या देणं आम्ही त्या वर्षीच बंद केलं. बरण्या आल्या तेव्हा मी आणि दवाखान्याचा गडी कावड घेऊन पाड्यांवर फिरू लागलो. औषध समोर प्यायचं, घरातल्या प्रत्येकाने, पुरतं. पहिल्यांदा गेलो ते देवजीच्या घरी. सगळ्यांना ओतून झालं. देवजीच्या हातात करवंटी होती, पण त्याने ती तोंडाला लावली नाही. कुणीच लावली नाही. सासरा माझ्याकडे पाहत होता.

"नि तुना?"

माझा वाटा कुठे, असं तो विचारत होता. मी सांगितलं, मला ताप नाही. मी तर वाटणारा. म्हाताऱ्याने आपली करवंटी अलगद खाली ठेवली. पोरांनी आजोबांचं पाहून ठेवली. देवजीने ठेवली. ठेवताना करवंटीतलं औषध काठावरून सांडलं, तेच औषध जे साहेबांनी आपलं म्हातारपण विकून आणलं होतं. मी मापाच्या पेल्यात घोटभर ओतून घेतलं आणि प्यालो. मग सगळे प्याले.

देवजी दिवाळी उलटून गेल्यावर उठला. त्या वर्षीचं त्याचं भात पाड्याने कापलं.

तेव्हापासून प्रत्येक पाड्यावर माझा घोट ठरलेला आहे. साहेबांनी बजावलं होतं की कोयनेल जास्त होऊन कानात घुमायला लागलं की थांबायचं. तिसऱ्या-चौथ्या पाड्यावर घुमायला लागतं, पण पाचव्या पाड्यावरचे लोक कसं ऐकणार? हल्ली एक कान कायमचाच वाजतो. नवे डॉक्टर तरुण आहेत, मायाळू आहेत. ते म्हणतात, आता तुम्ही बसा, मी माणूस पाठवतो. पाठवतील. त्या माणसालाही तिथे प्यावं लागेल हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ती गंमत वाटली.

गुडघे दुखतात. उतार आता चढापेक्षा अवघड जातो. उद्या दाभोशाकडचा वार आहे. बरणी भरून ठेवली आहे, माझा घोट धरून.